घरच्या घरी कॉम्प्रेशन टेस्ट: इंजिन उघडायला देण्याआधी काय काय मोजता येतं?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, लाखाच्या वर किलोमीटर झालेत. घेतल्यानंतर काही वर्षांनी बाहेरून सीएनजी किट बसवलं. सकाळी थंड असताना गाडी एकदम गुळगुळीत चालते. पंधरा-वीस मिनिटं चालून इंजिन तापलं की सिग्नलला उभी असताना थरथरायला लागते. परवा पुण्याहून येताना खंबाटकी घाटात तिसऱ्या गिअरवर दम धरेना, दुसऱ्यावर चढवावी लागली. स्कॅनर लावला तर कोड पी ०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, तिथलं जळण चुकतंय. तिसऱ्याची कॉइल पहिल्याला लावून बघितली, प्लग नवे टाकले, तरी कोड तिसऱ्यावरच. पेट्रोलवर आणि गॅसवर सारखंच होतं. ऑइल कमी होत नाही, धूर नाही.

गॅरेजमध्ये सांगितलं, "कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन करून टाका." मोजलं का विचारलं तर म्हणाले आवाजावरून कळतं. एवढा मोठा खर्च आवाजावर करायचा का? कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या जागी गेज लावून सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं, घरी करता येते असं ऐकलंय. पाने हाताळायची सवय आहे, ऑइल आणि ब्रेक पॅड स्वतः बदलतो. नीट कशी करायची, आकडे कसे वाचायचे, सविस्तर सांगा.

संगममाहुली (सातारा)

आवाजावरून अंदाज येतो, निदान होत नाही. गॅरेजचा धंदा करून आता मुलाच्या हाती दिलाय, पण आजही गेज लावल्याशिवाय हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचा, एक बोल्ट सैल करू देत नाही. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरणार, ऑइल चेंबर उतरणार, पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग नवीन पडणार. दोष एका वॉल्व्हचा निघाला तर निम्मं काम उगाच केलं असं होतं. तुमच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी रिंगांच्या विरुद्ध जातात. गाडी ऑइल खात नाही, आणि त्रास तापल्यावरच सुरू होतो. रिंगा झिजलेलं इंजिन उलट थंड असताना जास्त कुरकुर करतं. पण आधी मोजा.

गेज घेताना दाबून धरायचा रबरी टोकाचा घेऊ नका, आटे असलेल्या नळीचा घ्या. साधा सेट दोन हजारांच्या आत मिळतो. प्लगचे आटे बहुतेक गाड्यांत १४ मिमी असतात, काही इंजिनांत १२ किंवा १०. जुना प्लग सोबत नेऊन जुळवून घ्या. नळीच्या प्लगकडच्या टोकाला एक छोटा वॉल्व्ह असतो. तो चढलेला दाब धरून ठेवतो, म्हणून काटा वर टिकतो. तो खराब झाला की पुष्कळ जण टायरच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवतात. दिसायला तसाच असला तरी त्याची स्प्रिंग कडक असते, आकडा कमी येतो. आकडे संशयास्पद कमी आले तर इंजिनाला बोल लावण्याआधी तो वॉल्व्ह बघा.

आता कृती. इंजिन नेहमीच्या तापमानाला आणा, मग बंद करून हात लावता येईल इतकं निवू द्या. अ‍ॅल्युमिनियमचं हेड कडक तापलेलं असताना प्लग काढला तर आटे ओढले जाण्याची भीती असते. प्लगच्या विहिरीत हवा मारून माती-कचरा उडवून द्या, नाहीतर प्लग निघताच तो थेट पिस्टनवर पडेल. मग चारही प्लग काढा. एकच काढून मोजणारे बरेच आहेत, ते चूक. बाकीच्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सेल्फला अडवत राहतं, इंजिन हळू फिरतं आणि आकडा पडतो. प्लग काढल्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडून ठेवा, त्यांचा रंगही वाचायचा आहे.

गेजची नळी हाताने आवळा, रबरी रिंग बसली की पुरे. पकड लावायची नाही. एकाने आत बसून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद राहिला तर इंजिनाला श्वासच मिळत नाही आणि चांगलं इंजिनसुद्धा मेलेलं दिसतं. सेल्फ मारा, गेजजवळ उभ्या माणसाने काट्याचे धक्के मोजायचे. पाच-सहा धक्क्यांत काटा चढायचा थांबतो. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच धक्के द्या. सलग दहा सेकंदांच्या वर सेल्फ नको, मध्ये त्याला थंड होऊ द्या. बॅटरी भरलेली हवी. शक्य असेल तर दुसऱ्या गाडीची बॅटरी जंपर केबलने जोडून ठेवा, म्हणजे पहिला आणि चौथा सिलिंडर एकाच वेगाने फिरतील.

शेवटच्या आकड्याबरोबर पहिल्या धक्क्याला काटा कुठवर गेला तेही लिहा. निरोगी सिलिंडर पहिल्याच धक्क्यात निम्म्याच्या वर उडी मारतो. रिंगा ढिल्या असतील तर सुरुवात कमी होते, मग प्रत्येक धक्क्याला थोडं थोडं चढत जातं. वॉल्व्ह गळत असेल तर सुरुवात कमी आणि शेवटही कमीच.

मिरजवाली

दादांनी कृती छान सांगितली. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवते, म्हणून सुरक्षेचा भाग जरा ताणून सांगते. प्लग काढलेल्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. तिथे एक ठिणगी पडली की बॉनेटखाली भडका.

त्यामुळे इग्निशन आणि इंधन दोन्ही तोडायचं. कॉइल प्रत्येक प्लगवर असतील तर त्या काढून कनेक्टर सुटे ठेवा. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत कॉइलची बारीक वायर काढा, जाड वायर नुसती लोंबकळत सोडू नका. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल, म्हणजे रेलमधला दाब उतरला. इंजेक्टरचे कनेक्टर काढले तर आणखी चांगलं, कारण सिलिंडरमध्ये पेट्रोल शिंपडलं गेलं की बोअरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं, ऑइल धुतलं जातं आणि आकडा खोटा पडतो. विश्रामबागकर, तुमच्या गाडीला सीएनजी आहे, तर टाकीवरचा हाताने बंद करायचा वॉल्व्ह आधी बंद करा. काम उघड्यावर करा, पार्किंगच्या बेसमेंटमध्ये नको. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या आसपास ओढणी, सैल बाही काही नको.

थ्रॉटल वायरवर चालणारा नसून इलेक्ट्रॉनिक असेल तर पेडल दाबल्यावर झडप खरंच उघडते का, हे एअर फिल्टरचा पाइप काढून डोळ्यांनी बघा. काही गाड्यांत ती पूर्ण उघडत नाही. त्यात बोट घालून उघडायचा प्रयत्न मात्र करू नका.

कोरेगावचा

मध्येच विचारतो. माझी गाडी ठीक चालते, सहज मित्राचा गेज लावला होता. चारही सिलिंडर १५५ च्या आसपास. नेटवर त्या इंजिनाला १७० पीएसआय (दाबाचं एकक) लिहिलंय. सगळंच इंजिन झिजलं म्हणायचं का?

संगममाहुली (सातारा)

नाही. हा प्रश्न आपल्या भागात यायलाच हवा. पुस्तकातले आकडे साधारणपणे समुद्रसपाटीच्या हवेला धरून असतात. कोरेगाव-सातारा पट्टा ७०० मीटरच्या आसपास उंच आहे, सातारा शहर साधारण ७४० मीटर. इथे हवेचाच दाब मुंबईपेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. सिलिंडर जी हवा आत ओढतो तीच विरळ, तर दाबून तरी किती दाबेल? १७० चे ८ टक्के गेले की १५६ उरले. तुमचं इंजिन ठणठणीत आहे. सांगली ५५० मीटरवर, तिथे सहा टक्के धरा. महाबळेश्वरला १३५० मीटरच्या आसपास गेलात की पंधराएक टक्के घट दिसेल.

म्हणून मी एकट्या आकड्यावर कधी जात नाही, सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघतो. उंची, बॅटरी, गेजची अचूकता या सगळ्यांचा परिणाम चारही सिलिंडरांवर सारखाच होतो, पण एक सिलिंडर मागे पडतो तो त्याच्या स्वतःच्या दोषानेच. साधारण १० टक्क्यांपर्यंत फरक चालतो, १५ च्या वर गेला की कारण शोधायचं. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा हीच मर्यादा १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) म्हणून दिलेली असते, म्हणजे १४ पीएसआयच्या आसपास.

मिरजवाली

याला जोडून. विद्यार्थी नेहमी विचारतात की कॉम्प्रेशन रेशो १० असेल, म्हणजे हवा दहापट कमी जागेत दाबली जात असेल, तर गेजवर १० गुणिले १४.७ (हवेचा साधा दाब) म्हणजे १४७ का येत नाही, जास्त का येतो? हवा झटकन दाबली की तापते, आणि तापलेल्या हवेचा दाब त्या हिशेबापेक्षा बराच वर जातो. दुसऱ्या बाजूने, पिस्टन वर यायला लागला तरी इनटेक वॉल्व्ह काही काळ उघडाच असतो, त्यामुळे थोडी हवा परत निसटते. दोन्हींची गोळाबेरीज गेजवर दिसते. रेशोवरून आकडा काढत बसू नये, मॅन्युअल बघावं.

कृष्णाकाठ (सांगली)

मला या धाग्यावर वेगळ्याच कारणासाठी लिहायचंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. आपल्याकडे कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या धुऊन-पुसून, सीट बदलून विकल्या गेल्या. सेकंडहँड गाडी बघायला जाताना मी गेज सोबत नेतो, आणि विकणारा मोजू देत नसेल तर तिथूनच परत फिरतो.

पाण्यात चालू राहिलेलं इंजिन पाणी आत ओढतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना थबकतो आणि त्याला खालच्या क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर पाणी काढून गाडी सुरूही होते, पण वाकलेला रॉड आखूड झालेला असतो, म्हणून पिस्टन पूर्ण वर पोहोचत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं. रिंगा चांगल्या, वॉल्व्ह चांगले, तरी आकडा कमी, अशी कोडी असतात ती. प्लगची विहीर सरळ उभी असेल तर लांब प्लास्टिकची काडी आत सोडून, क्रँक हाताने फिरवत, पिस्टन वरच्या टोकाला किती येतो याची खूण करून चारही सिलिंडर ताडून बघा. दोन-तीन मिलिमीटरचा फरकसुद्धा लपत नाही. काडी धातूची नको, आणि सेल्फ तर अजिबात नको.

आणि हात जोडून सांगतो, पाण्यातून काढलेली गाडी 'सुरू होते का बघू' म्हणून चावी फिरवू नका. आधी प्लग काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा, भोकातून पाणी येतं का बघा. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असताना त्या पहिल्या सेल्फलाही रॉड वाकू शकतो.

विश्रामबागकर (सांगली)

सगळ्यांचे आभार. रविवारी सकाळी भावाला घेऊन केलं. गॅस बंद, पंपाचा फ्यूज काढलेला, चारही प्लग बाहेर, शेजाऱ्यांच्या गाडीची बॅटरी जोडलेली. इंजिन गरम असतानाचे आकडे पीएसआयमध्ये:

पहिला १६५, दुसरा १६०, तिसरा १०५, चौथा १६०.

तिसऱ्याचा पहिला धक्का ४५ वर थांबला, बाकीच्यांचा ९० च्या वर गेला. तिसऱ्याचा प्लग इतरांपेक्षा जरा काळसर, पण ओला नाही. आता पुढे?

संगममाहुली (सातारा)

छान मोजलंत. ३५ टक्क्यांच्या वर फरक, म्हणजे दोष नक्की आहे. आता ओली टेस्ट. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल, साधारण ५ मिली, प्लगच्या भोकातून सोडा. इंजिन दोन-चार फेऱ्या फिरवून घ्या, ऑइल पसरू द्या, मग गेज लावून पुन्हा मोजा. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं. आकडा दणकन वर गेला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर गळती वरून आहे, म्हणजे वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडखालचं सील). तुलनेला पहिल्या सिलिंडरमध्येही तेवढंच ऑइल घालून मोजा, कारण चांगला सिलिंडरसुद्धा ऑइलने थोडा वर जातो.

गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटलं असतं तर शेजारी-शेजारी दोन आकडे पडले असते. तुमचा एकटा तिसरा पडलाय. कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात का, पाणी कमी होतं का?

आणि आणखी एक काम करा. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर तिसरा पुन्हा मोजा.

तासगावकर

थांबा, एक शंका. आमच्याकडे डिझेलची जीप हाय. हेच गेज चालंल का? लई दिवस सकाळी स्टार्टिंगला त्रास देती.

मिरजवाली

नाही हो भाऊ. पेट्रोलचा गेज बहुधा ३०० पीएसआयपर्यंतच असतो, डिझेल ४०० च्या आसपास जातं. गेज फुटेल. डिझेलचा वेगळा गेज आणि ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. डिझेलमध्ये ऑइल घालून ओली टेस्ट करायची नाही. तिथे दाबानेच जळण होतं, आणि जागा इतकी कमी असते की घातलेलं ऑइल पिस्टनला अडवू शकतं. सकाळचाच त्रास असेल तर सगळ्यात आधी ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे प्लग) तपासून घ्या. कॉमन रेल गाडी असेल तर पाइप घरी सोडवू नका.

विश्रामबागकर (सांगली)

ओली टेस्ट केली. तिसरा १०५ वरून ११० झाला. पहिला १६५ वरून १७५. कूलंट जागच्या जागी, बुडबुडे नाहीत.

थंड इंजिनावर मोजलं तर तिसरा १४५ आला! भावाला वाटलं गेज बिघडला, म्हणून बाकीचे तीनही पुन्हा मोजले, ते १५५ ते १६० मध्ये. दादा, तुम्हाला हे आधीच माहीत होतं का?

संगममाहुली (सातारा)

शंका होती. सीएनजी, तापल्यावर त्रास, ऑइल खात नाही, या तीन गोष्टी एकत्र आल्या की माझं लक्ष पहिलं एक्झॉस्ट वॉल्व्हच्या क्लिअरन्सकडे, म्हणजे वॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबून उघडणारा कॅम यांमधल्या फटीकडे जातं.

काय होतं ते सांगतो. पेट्रोलमधून वॉल्व्ह आणि सीटच्या (हेडमधली वॉल्व्ह टेकायची कडा) मध्ये थोडाफार ओलावा, कार्बनचा पातळ थर मिळत राहतो. सीएनजी कोरडा वायू आहे, तो असं काही देत नाही. ज्या इंजिनाच्या सीट मुळात गॅससाठी बनवलेल्या नाहीत, त्यांत सीट हळूहळू झिजते आणि वॉल्व्ह हेडमध्ये वर सरकत जातो. वॉल्व्ह वर सरकला की त्याचा दांडा कॅमच्या जवळ जातो आणि मधली फट कमी कमी होते. थंड असताना ती अजून थोडीशी शिल्लक असते, वॉल्व्ह बसतो, १४५ येतात. तापल्यावर दांडा लांब होतो, फट संपते, कॅम वॉल्व्हला पूर्ण बसूच देत नाही. कॉम्प्रेशन सायलेन्सरमधून निघून जातं.

टॅपेट म्हणजे कॅम आणि वॉल्व्हच्या दांड्यामधला तुकडा. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीत हा दोष उशिरा दिसतो, कारण टॅपेट स्वतःच फट सांभाळतो. तुमचं इंजिन घन टॅपेटचं असणार. मॅन्युअल बघून खात्री करा.

अजून पक्कं करायचं असेल तर लीक-डाऊन. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक घट्ट. नळीतला छोटा वॉल्व्ह काढून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडा आणि ऐका. सायलेन्सरला फुसफुस आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडे आली तर इनटेक, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हे मात्र इंजिन गरम असताना करा, थंडीत तुमचा वॉल्व्ह कदाचित नीट बसलेला सापडेल. हवा सोडताना क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवू नका, इंजिन फिरलं तर पाना हातावर येतो.

कृष्णाकाठ (सांगली)

दादा, हे वाचून बरं वाटलं. आपल्या भागात किट लावलेल्या गाड्यांची हेडं उतरवून नवीन वॉल्व्ह, नवीन रिंगा घातल्या जातात, आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, कोणी लावलेलाच नसतो. किट बसवतानाच सांगायला हवं की टॅपेट ठराविक अंतराने तपासून घ्या.

विश्रामबागकर (सांगली)

कळवायला उशीर झाला, माफी असावी. लीक-डाऊनला सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस. मग ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, आकड्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी टॅपेट कव्हर उघडून फीलर घातला. तिसऱ्याच्या एका एक्झॉस्ट वॉल्व्हला थंड इंजिनावर ०.०५ मिमीची पट्टीसुद्धा जाईना. इतर एक्झॉस्टही मॅन्युअलपेक्षा घट्टच होते, पण एवढे नाहीत. इनटेक सगळे ठीक.

मापं घेऊन पातळ टॅपेट मागवले, बसवले. हेडला हात लावला नाही. काल गरम इंजिनावर मोजलं: पहिला १६५, दुसरा १६५, तिसरा १५०, चौथा १६०. थरथर गेली. कोड परत आलेला नाही.

तिसरा अजून १५ ने मागे आहे, तेवढंच मनात खटकतंय.

संगममाहुली (सातारा)

खटकू द्या, बरोबर खटकतंय. नऊ टक्के म्हणजे चालण्यासारखं आहे, पण तो वॉल्व्ह बराच काळ नीट न बसता तापत राहिलाय. वॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकल्यावर सोडतो. कडेला थोडं जळलं असू शकतं. हजारभर किलोमीटर चालवा आणि पुन्हा गरम इंजिनावर मोजा. १५० वर टिकला किंवा वर आला तर विसरून जा. खाली सरकला तर हेड उतरवून तो वॉल्व्ह बदला, सीट मशीनवर करून घ्या. खालच्या इंजिनाला तेव्हाही हात लावायची गरज नाही, रिंगा चांगल्या आहेत हे तुमच्या ओल्या टेस्टने सांगितलंय.

आजचे आकडे, किलोमीटर आणि वॉल्व्हची मापं सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. पुढच्या वेळी टॅपेट किती घट्ट झाले त्यावरून सीट किती वेगाने झिजतेय ते कळेल.

मिरजवाली

विश्रामबागकर, परवानगी असेल तर तुमचे आकडे वर्गात फळ्यावर मांडते. आधी फक्त गरम, मग ओली टेस्ट, मग थंड. दोष मुलांनीच शोधायचा.

विश्रामबागकर (सांगली)

मॅडम, खुशाल मांडा. गेजसकट गाडीच घेऊन येतो, मुलांना हाताने मोजू द्या.